घरच्या घरी एलईडी ग्रो लाईट : बेळगाव-खानापूरकडे नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खानापूरच्या वरच्या अंगाला, जांबोटीच्या वाटेवर आमची छोटी रोपवाटिका आहे. मिरची, कोबी, वांगी, झेंडू अशी रोपं करतो. पावसाळ्यात चार मांडण्या पडवीत घेतो आणि ग्रो लाईटखाली, म्हणजे उन्हाऐवजी रोपं वाढवणाऱ्या एलईडी दिव्याखाली, ट्रे ठेवतो. दिवे मीच जोडलेले आहेत. बघायला येणारे तेच तेच विचारतात, म्हणून एकदा बसून लिहून काढलं.

आपल्याकडे ऊन काय कमी आहे? दिवा कशाला?

ऑक्टोबर ते मे दिवा लावू नका. त्या दिवसांत भर दुपारी लाखभर लक्स (उजेड मोजायचं माप) ऊन पडतं, रोपांना उलट शेडनेट बांधावी लागते. गोष्ट आहे ती मृग लागल्यापासून गणपतीपर्यंतची. सलग पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. ट्रे बाहेर ठेवले तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाहून जातं, आत घेतले तर अंधार. आषाढात आमच्या कौलारू पडवीत दुपारी बारा वाजता फोनवरचं मीटर पाचशे लक्सच्या वर जात नाही. मिरचीची रोपं तर नेमकी याच दिवसांत हवी असतात. ती काडीसारखी लांबतात, मान टाकतात आणि शेतात लावल्यावर पहिल्याच सरीत झोपतात. दिवा लावायचा तो या चार महिन्यांसाठी. बारा महिने दिव्यावर शेती करायची असेल तर तो वेगळा धंदा आहे, त्याचा हिशेबही वेगळा. खाली येतोच.

किती वॉटचा दिवा लावू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि चुकीचा आहे. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. पानावर काय पडतं ते वॉटवरून कळत नाही. खोक्यावर ‘१००० वॉट’ छापलेला दिवा प्लगमध्ये लावायच्या मीटरला जोडला तर शंभर-सव्वाशे दाखवतो, हे मी स्वतः बघितलंय.

झाड प्रकाशाचे कण मोजतं. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले कण त्याच्या कामाचे. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला असे किती कण पडले ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. कडक ऊन म्हणजे साधारण २००० मायक्रोमोल. आपल्या भागातल्या माणसाला पावसावरून लगेच समजेल: मायक्रोमोल म्हणजे सर किती जोराची आहे ते, आणि दिवसभरात किती मिलिमीटर पडला त्याला प्रकाशात ‘दिवसाचे मोल’ म्हणायचं. मायक्रोमोलला तासांनी गुणा, मग ०.००३६ ने गुणा, की दिवसाचे मोल मिळतात. १५० मायक्रोमोल सोळा तास दिलेत तर साडेआठ मोल झाले.

रोपांना आणि मायक्रोग्रीन्सना (पाल्यासारखे खायचे कोवळे अंकुर) ८ ते १२ मोलांत भागतं. लेट्यूससारख्या पाल्याला १२ ते १७ लागतात. टोमॅटोचं फळ धरायचं तर २० च्या वर, ३० पर्यंत.

मोजायचं कशानं? ते मीटर महाग असतं म्हणे.

महाग असतंच. फोनमधल्या लक्स मीटरवर भागवा. पांढऱ्या एलईडीखाली आलेल्या लक्सला ७० ने भागा, अंदाजे मायक्रोमोल मिळतील. उन्हात ५४ ने भागायचं. फोन खोटं बोलतो, दोन फोन दोन आकडे सांगतात, हे खरं. पण एकाच फोनने ट्रेचा मध्य आणि चारही कोपरे मोजलेत तर कुठे उजेड पडतोय आणि कुठे नाही ते अचूक कळतं. कोपरा मध्याच्या निम्म्यावर असला तर तिथली रोपंही तशीच येणार.

जांभळ्या दिव्याखाली मात्र लक्स मोजू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. डोळ्याला हिरवं जास्त दिसतं, लाल-निळं कमी, त्यामुळे आकड्याला अर्थ राहत नाही.

जांभळा दिवा चांगला की पांढरा?

पांढरा. पान हिरवं दिसतं म्हणजे हिरवा प्रकाश त्याच्या उपयोगाचा नाही, असा समज आहे. १९७२ मध्ये मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने बावीस पिकांची पानं घेऊन रंगवार मोजमाप केलं. लाल सगळ्यात पुढे निघाला, पण हिरवाही चांगलाच कामाला येतो असं दिसलं. शिवाय हिरवा पानाच्या आतल्या थरांपर्यंत पोचतो.

पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच दिवा, त्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप दिलेला. तो निळा दिवा करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण त्याच्याखाली मिरची लावतोय. थंड पांढऱ्यात, म्हणजे ६५०० केल्विनच्या दिव्यात, निळा भाग जास्त असतो. त्याने रोप ठेंगणं आणि दणकट राहतं. रोपवाटिकेला तेच हवं. ६६० नॅनोमीटरचा लाल जोडलात तर तेवढ्याच विजेत थोडे जास्त कण मिळतात. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका.

आणि जांभळ्या उजेडात रोगट पान ओळखूच येत नाही. मला एवढं एकच कारण पुरलं.

सगळ्यात स्वस्तात काय होईल?

घरात लावतो तीच चार फुटी, २० वॉटची एलईडी बॅटन ट्यूब. हसू नका. मांडणीचा एक कप्पा धरा, चार फूट बाय दीड फूट. म्हणजे सहा चौरस फूट, अर्ध्या चौरस मीटरच्या जरा वर. त्यावर चार ट्यूब.

ट्यूबवर २००० लुमेन (दिव्यातून एकूण निघणारा उजेड) लिहिलेलं असतं. सत्तरने भागलं की एका ट्यूबचे साधारण २९ मायक्रोमोल, चारचे ११५. सगळा प्रकाश ट्रेवर पडत नाही, बाजूंनी सांडतो. बाजू झाकल्यात तर पाऊण भाग हाती लागतो. तो ०.५६ चौरस मीटरवर पसरला की दीडशे मायक्रोमोल भरतात. सोळा तासांत साडेआठ मोल. मिरचीच्या रोपाला एवढं पुरे. फोनवर साधारण दहा हजार लक्स दिसायला हवेत. फारच कमी दिसले तर ट्यूबवरचा आकडा खोटा आहे.

बाजू झाकायला फ्लेक्स वापरा, पांढरी पाठ आतल्या बाजूला करून. वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फ्लेक्स आपल्याकडे कधी कमी पडलेत? पुढाऱ्याचा चेहरा बाहेरच्या बाजूला येतो, त्याला इलाज नाही.

मग एलईडी चिप बसवलेले ते महागडे बोर्ड लोक का घेतात?

बॅटन एका वॉटला साधारण दीड मायक्रोमोल देते. चांगल्या मिड-पॉवर चिपचे बोर्ड, सॅमसंगची एलएम३०१ मालिका वगैरे, ड्रायव्हरचा (मेनची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारा डबा) तोटा धरूनही अडीचच्या वर जातात. वर चार ट्यूबचे ८० वॉट लागले, तेवढाच उजेड हा बोर्ड ४५ वॉटमध्ये देतो.

आता पैशात बघू. सोळा तासांनी ८० वॉटचे महिन्याला ३८ युनिट होतात, ४५ वॉटचे साडेएकवीस. फरक सतरा युनिटांच्या आसपास. युनिट सात रुपये धरलं तर महिन्याला ११८ रुपये वाचले. माझ्यासारखा चारच महिने दिवा लावणारा वर्षाला पावणेपाचशे रुपये वाचवतो. बोर्ड, ड्रायव्हर, पट्ट्या मिळून बॅटनपेक्षा दोन हजार जास्त गेले असतील तर ते फिटायला चार पावसाळे लागतील. बारा महिने मायक्रोग्रीन्स करून बेळगावातल्या हॉटेलांना देणाऱ्याचे तेच दोन हजार दीड वर्षात वसूल होतात.

म्हणून मी सगळ्यांना आधी एकच विचारतो, दिवा वर्षात किती तास चालणार? तास कमी असतील तर कार्यक्षम दिव्याच्या नादी लागू नका, दोन ट्यूब जास्त लावा आणि गप्प बसा. माझ्या चार मांडण्यांपैकी तीन आजही बॅटनवरच आहेत. चौथी मी हौसेने केली, ते मान्य.

बोर्ड किंवा पट्ट्या घेऊन स्वतः जोडायचं तर कसं?

एलईडीला व्होल्टेज नाही, करंट सांभाळून द्यावा लागतो. व्होल्टेज जरासं वाढलं की करंट एकदम उसळतो. एलईडी तापला की तो कमी व्होल्टेजलाही तेवढाच करंट घेतो, मग आणखी तापतो, आणि शेवटी जातो. म्हणून ‘कॉन्स्टंट करंट’, म्हणजे करंट ठरावीकच ठेवणारा, ड्रायव्हर घ्यायचा. बारा व्होल्टचा साधा ॲडाप्टर चालत नाही.

एक उदाहरण घ्या. एलईडीच्या चार पट्ट्या आहेत, प्रत्येकीला २४ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर द्यायचाय. चारही एका माळेत जोडल्या तर ९६ व्होल्ट होतात, आणि ओल्या जागेत ६० च्या वरचा डीसी मला नको. म्हणून दोन-दोनच्या दोन माळा करायच्या आणि त्या समांतर जोडायच्या: ४८ व्होल्ट, एक अँपिअर. ड्रायव्हरवर किती ते किती व्होल्ट लिहिलेले असतात, त्यात ४८ मधोमध कुठेतरी यायला हवेत, अगदी कडेला नकोत. यात एक ग्यानबाची मेख आहे: एक माळ तुटली तर तिचाही करंट दुसरीत जातो. म्हणून पट्टी एक अँपिअर सोसणारी घ्यायची आणि अर्ध्यावर चालवायची.

अर्ध्यावर चालवण्याचा दुसराही फायदा आहे. करंट जितका कमी, तितके एका वॉटमागे कण जास्त निघतात, आणि तापही कमी. थोड्या चिप जोरात चालवण्यापेक्षा जास्त चिप हळू चालवलेल्या बऱ्या. बैलांचंही तसंच असतं.

लाल आणि पांढऱ्या माळा समांतर जोडू नका. लाल चिपला दोनच्या आसपास व्होल्ट लागतात, पांढरीला तीन. सगळा करंट लाल माळेत घुसतो.

अल्युमिनियम कुठून आणायचं?

एलईडीचा ताप ओढून घ्यायला मागे अल्युमिनियम लागतं. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे सेक्शनचे तुकडे पडलेले असतात, ते वजनावर मिळतात. जाड पट्टी हवी असेल तर बेळगावात उद्यमबागेच्या भंगारात हात घाला. कारखान्यांचा भाग आहे, तिथे मिळत नाही असं काही नाही. एलईडीची पट्टी आणि अल्युमिनियम यांच्यामध्ये हीट सिंक पेस्ट लावा आणि स्क्रूने आवळा. माझ्या पहिल्या दिव्यात तीन-तीन वॉटचे एलईडी मणी मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पत्र्यावर डकवले होते. आठवड्याने सकाळी जाऊन बघतो तर तीन मणी ट्रेमध्ये पडलेले, दोन जळालेले, आणि कोबीची रोपं अंधारात.

तासभर चालल्यावर स्विच बंद करून अल्युमिनियमला हात लावा. हात ठेवता आला तर ठीक. चटका बसला तर धातू वाढवा किंवा करंट कमी करा.

गणपतीच्या आराशीची एलईडी पट्टी पडून आहे, ती चालेल?

उजेड पडेल, पिकाला पुरणार नाही. बारा व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन चिपचा गट असतो. चिपना नऊ व्होल्ट लागतात, उरलेले तीन रेझिस्टरमध्ये नुसते जळतात. म्हणजे पाव वीज तिथेच गेली. त्यात आराशीची बारीक वायर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीतून पाच अँपिअर पाच मीटर नेलेत तर येता-जाता पावणेदोन व्होल्ट वाटेतच संपतात. पट्टीच्या आतल्या बारीक तांब्यातही असंच होतं, म्हणून तिचं शेवटचं टोक मंद दिसतं. चोवीस व्होल्टची पट्टी असेल तर तोटा बराच कमी होतो. बारा व्होल्टची पुढच्या गणपतीसाठी गुंडाळून ठेवा.

नऊ वॉटचा बल्ब फोडून आतली प्लेट वापरू का? व्हिडिओत दाखवतात.

नाही. स्वस्त बल्बमधली एलईडीची प्लेट बहुतेक वेळा थेट मेनशी जोडलेली असते, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. पांढरी टोपी काढलीत की बोटाखाली २३० व्होल्ट आले. वर झारीने पाणी घालणारी बहुधा तुमची आई किंवा बायको असते.

पावसात, ओल्या जागेत शॉकची भीती नाही का?

आहे. मांडणी लोखंडाची, खाली पाणी, वर वीज. एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, ती वायर वाचवते. त्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळून जमिनीत जाऊ लागला की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. मांडणीला अर्थिंग करा. ड्रायव्हर ट्रेच्या वरच्या पातळीला, भिंतीवर ठेवा. आधी वायर खाली लोंबू द्या, मग ती वर वळून ड्रायव्हरमध्ये शिरू दे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरच गळून पडतं. इलेक्ट्रिशियनचे पैसे इथे वाचवू नका.

दिवा किती उंचीवर ठेवायचा?

ट्यूब असतील तर रोपाच्या शेंड्यापासून वीतभर ते फूटभर. नक्की किती ते रोप सांगतं. दोन पानांमधली काडी लांबली की उजेड कमी पडतोय. पानं वाटीसारखी वळली, शेंडा पांढुरका पडला, की जास्त होतोय. दिवा साखळीवर टांगा, म्हणजे एक-एक कडी वर घेता येते.

दिवा चोवीस तास ठेवला तर रोपं लवकर होतील?

टोमॅटोची पानं चोवीस तास उजेडात पिवळी पडतात. सोळा तास ठेवा, फार तर अठरा.

दिवा लावूनही रोपं बुंध्यात कुजून कोलमडतात. का?

त्यात दिव्याचा दोष नाही, वारा नाही म्हणून. एक छोटा पंखा रोपांवरून हलका फिरता ठेवा आणि पाणी कमी करा. उन्हाइतकं पाणी दिव्याखाली आटत नाही, हात मात्र सवयीने तेवढंच घालत राहतो.

लाईट सारखी जाते. टायमर कोणता घेऊ?

आत बॅटरी असलेला डिजिटल. फिरत्या चकतीचा स्वस्त टायमर लाईट गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू होतो. तीन तास लाईट गेली तर त्याचं घड्याळ तीन तास मागे पडतं. रोपांना त्याने फार बिघडत नाही. शेवंतीत मात्र सगळं बिघडतं, हे मी पैसे घालवून शिकलो.

शेवंतीला रात्री दिवे लावतात ते हेच का?

नाही, ते काम वेगळं. शेवंती रात्र मोजते. रात्र लांबली की कळी धरते. झाड लहान असताना कळी नको असेल तर रात्र मधेच तोडायची, दहा ते दोन दिवे लावायचे. इथे पोट भरण्याइतका प्रकाश लागत नाही, नुसतं जागं ठेवायचं असतं. शंभर लक्स खूप झाले. एका गुंठ्याला नऊ वॉटचे वीस साधे बल्ब धरा: १८० वॉट, चार तास, रात्रीला पाऊण युनिटही नाही. त्यात लाल भाग असायला हवा, म्हणून थंड पांढऱ्यापेक्षा पिवळसर बल्ब बरा. यासाठी बोर्ड, ड्रायव्हर काही लागत नाही. लागतो तो वेळेवर चालणारा टायमर. माझा चकतीवाला टायमर सरकत सरकत पहाटे पाचला दिवे लावू लागला. सलग रात्र लांबच राहिली, आणि वीतभर झाडांना कळ्या आल्या.

गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना) बसेल का?

घरगुती वापराला महिन्याला २०० युनिटांपर्यंत वीज फुकट मिळते, पण तुमची मर्यादा २०२२-२३ च्या सरासरी वापरावर दहा टक्के (सरासरी ४८ युनिटांच्या आत असेल तर दहा युनिट) धरून ठरवलेली आहे. बॅटनचा एक कप्पा ३८ युनिट खातो, ते त्या दहा टक्क्यांत कसे मावणार? एकूण वापर दोनशेच्या वर गेला तर पूर्ण बिल भरावं लागतं. कप्पे वाढवण्याआधी मागची बिलं काढून बघा. बिल कानडीत असलं तरी आकडा सगळ्यांना वाचता येतो. रोपं विकत असाल तर घरच्या मीटरवर चालेल का ते हेस्कॉमच्या (इथली वीज कंपनी) ऑफिसात विचारून घ्या.

सोलरवर चालवू का?

ज्या दिवशी दिवा लागतो त्याच दिवशी सोलर पांगळा असतो.

दिव्याखाली टोमॅटो, काकडी काढता येईल?

येईल. पण प्रकाश अडीच-तीन पट लागतो, म्हणजे वीजही तितकीच, आणि कोपऱ्यावर क्रेट उतरलेला टोमॅटो त्याच्यापेक्षा स्वस्त असतो. रोपापर्यंत दिवा, पुढे शेत.

संध्याकाळी दिव्यावर पाखरं येतात, पंखाच्या वाळवीने ट्रे भरतात. काय करू?

पहिल्या पावसानंतर हे होणारच. संध्याकाळी दिवा बंद असेल असे तास धरा. मी पहाटे तीन ते संध्याकाळी सात ठेवतो, सोळा तास भरतात. अंधार पडायच्या आत दिवे विझलेले असतात, पाखरं मग शेजाऱ्याच्या ट्यूबवर जातात. शेजाऱ्याची तक्रार पाखरांची नाही. त्याचा कोंबडा आता पहाटे तीनला बांग देतो, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.